मस्टरवरचे नाव

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

बदलत्या हवामानाला तोंड देण्यासाठी सरकारने आणि गावाने कशी तयारी करावी, या विषयावर मला बोलायला सांगितले तेव्हा मी थोडा बिचकलो. मी काही हवामानशास्त्रज्ञ नव्हे. महसूल खात्यात कारकून म्हणून लागलो आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. इतिहास वाचण्याची हौस मात्र पहिल्यापासून आहे. मग विचार केला, की संकट येण्याआधी कागदावर तयारी करणे ही गोष्ट आपल्या मुलखाला नवी नाही. शंभर-सव्वाशे वर्षांहून अधिक काळ आपण ते करत आलो आहोत. कधी ते साधले, कधी फसले. त्याचा हिशेब मांडता आला तर पुढच्या तयारीला उपयोग होईल.

माझा जन्म सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातला. १९७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा होतो. वडील मुंबईला गिरणीत आणि आई गावाकडे आम्हा तिघा भावंडांना घेऊन. शेत होते, पण त्यात पेरलेले वर आलेच नाही. मग आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. दुपारी सुकडी मिळायची. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी घशाखाली उतरत नसे. पण मला सगळ्यात जास्त आठवते ते मस्टर. मुकादम सकाळी नावे पुकारायचा आणि आपले नाव येईपर्यंत आई श्वास रोखून उभी असायची. नाव आले की त्या दिवसाची चूल पेटणार हे नक्की. त्या वेळी, १९७३ च्या मे महिन्यात, महाराष्ट्रभर दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. एवढ्या माणसांना काम द्यायचे, मोजमाप घ्यायचे, मजुरी वाटायची, हे एका रात्रीत कोणाला सुचले नव्हते. त्यामागे एक जुना कागद होता.

तो कागद म्हणजे दुष्काळ-संहिता. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये आणि दक्षिणेत भयंकर दुष्काळ पडला. लाखो माणसे दगावली. सरकारचा हात त्या वेळी इतका आखडता होता, की कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य पुरे, असा दंडक सर रिचर्ड टेंपल यांनी घातला. आपल्याकडे मजुरांनी ती मजुरी नाकारली, ते कामे सोडून निघून गेले. पुणे सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून लोकांची अवस्था सरकारला कळवली. गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या काळातली ही गोष्ट. आज आपण ज्याला क्षेत्रीय पाहणी म्हणतो ती त्या मंडळींनी तेव्हा केली होती.

दुष्काळ सरल्यावर सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १८८० मध्ये आला आणि त्यावरून १८८३ मध्ये दुष्काळ-संहितेचा नमुना तयार झाला. पुढे प्रांतोप्रांतीच्या संहिता त्यावर बेतल्या गेल्या. परक्या सरकारची ती संहिता, तिच्यात कंजूषपणा भरपूर होता. पण एक गोष्ट मान्य करावी लागते. संकट आल्यावर काय करायचे ते संकट येण्याआधी लिहून ठेवले होते. दुष्काळाची चिन्हे कोणती? धान्याचे भाव चढणे, चोऱ्या वाढणे, माणसे गाव सोडून भटकू लागणे, भिकाऱ्याला कोणी भीक न घालणे. ही चिन्हे दिसताच खालच्या अधिकाऱ्याने वर कळवायचे. मग चाचणीची कामे काढायची. त्या कामांवर माणसे गर्दी करू लागली, की टंचाई खरी आहे असे समजून मोठी कामे उघडायची. कोणती कामे काढायची, त्यांच्या याद्या आधीच तयार ठेवायच्या. गावकामगारापासून कलेक्टरापर्यंत प्रत्येकाचे काम नेमून दिलेले होते.

आता यातली दुसरी बाजू. संहिता कागदावर होती तरी १८९६-९७ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा रयतेला तिची गंधवार्ता नव्हती. सारा तहकूब होऊ शकतो, काम मागता येते, हे खेड्यातल्या माणसाला कोण सांगणार? ते काम लोकमान्य टिळकांनी केले. संहितेत रयतेला काय काय सवलती दिल्या आहेत, हे 'केसरी'तून मराठीत समजावून सांगितले. सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते गावोगाव फिरले आणि जे कायद्याने तुमचे आहे ते न भिता मागा, असे सांगू लागले. टिळकांनी यात कायद्याबाहेरचे काहीच मागितले नव्हते, सरकारने स्वतः लिहिलेले सरकारनेच पाळावे एवढीच मागणी होती. तीसुद्धा सरकारला रुचली नाही आणि १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेण्यात आली. पुढे १८९९-१९०० च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात पुन्हा फार मोठी मनुष्यहानी झाली. संहिता कपाटात होती, तरीही झाली. माझ्या नोकरीत हा धडा मला अनेकदा आठवला. आराखडा असणे आणि तो लोकांना माहीत असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरा टप्पा आपल्याच माणसांचा. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातले. दुष्काळ पडल्यावर सरकारने दया म्हणून काम द्यायचे, हे त्यांना पटत नव्हते. मागेल त्याला काम हा हक्क असावा, असे त्यांचे म्हणणे. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात त्यांच्या कल्पनेप्रमाणे प्रयोग झाला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांचा त्याला पाठिंबा होता. १९७२ च्या दुष्काळाने या कल्पनेची निकड सगळ्यांना पटवली. १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला गेला, म्हणजे शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी पैसा उभा राहिला. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यायचे, नाही दिले तर बेकारी भत्ता द्यायचा. पुढे २००५ मध्ये देशाने जो रोजगार हमीचा कायदा केला, त्याचे मूळ इथे आहे.

या योजनेत गैरप्रकार झाले, खोटी मस्टरे झाली, हे मी नाकारत नाही. तपासणीला मी स्वतः गेलो आहे. पण तिने दुष्काळाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. नुसती खडी फोडण्याऐवजी पाझर तलाव, नालाबांध, विहिरी आणि १९९० पासून फळबागा, अशी पुढच्या टंचाईत उपयोगी पडणारी कामे त्यातून होऊ लागली. आजचे तज्ज्ञ ज्याला हवामानबदलाशी जुळवून घेणे म्हणतात, ते याहून फार वेगळे नाही.

मग प्रश्न असा, की इतकी जुनी परंपरा असताना आपण आज कमी का पडतो? याचे एक कारण मी नोकरीतच पाहिले. एका तालुक्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा माझ्या हाती आला. तालुक्याचे नाव सांगत नाही. सुबक बांधणी, रंगीत मुखपृष्ठ. मी सहज म्हणून पूरप्रवण गावांचे पान उघडले आणि संपर्क व्यक्तीचा दूरध्वनी फिरवला. पलीकडून एका बाईंचा आवाज आला. ते गृहस्थ वारून चार वर्षे झाली होती. दरवर्षी नवे साल घालून तेच पान पुन्हा छापले जात होते. मी सही करणाऱ्यांपैकीच एक होतो, म्हणून दोष दुसऱ्या कोणाला देत नाही. त्या बाई शांतपणे म्हणाल्या, ''साहेब, पूर आलाय का?'' त्या प्रश्नाने मला जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही.

दुसरे कारण अधिक खोल आहे. जुनी संहिता, जुनी गटारे, जुने पूल हे सगळे मागच्या अनुभवावर बेतलेले होते. मागे जेवढा पाऊस पडला तेवढाच पुढे पडेल, हे त्यात गृहीत होते. आता ते धरून चालत नाही. मुंबईचेच उदाहरण घ्या. तिथली पावसाळी पाण्याची जुनी व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पाऊस धरून केलेली होती. ती अपुरी आहे, क्षमता दुप्पट करा, असे सांगणारा 'ब्रिमस्टोवॅड' नावाचा अहवाल १९९३ मध्येच महापालिकेला मिळाला होता. कामे रेंगाळली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यातला बहुतेक दुपारनंतरच्या काही तासांत. त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिलिमीटरसुद्धा पडला नाही. म्हणजे एकाच शहराच्या एका टोकाला प्रलय आणि दुसऱ्या टोकाला साधा पाऊस. त्यानंतर अग्निशमन केंद्रांच्या इमारतींवर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले गेले, उदंचन केंद्रांची कामे मार्गी लागली. २०२२ च्या मार्चमध्ये मुंबई महापालिकेने आपला हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला. पूर कुठे, उष्णता कुठे, दरडी कुठे, याचा विचार त्यात वस्तीच्या पातळीवर केलेला आहे. १९९३ चा अहवाल आणि हा आराखडा यांच्यामध्ये २९ वर्षे आणि एक २६ जुलै आहे, हे मात्र विसरता येत नाही.

दुष्काळाच्या बाबतीतही तेच. आपल्याकडे वर्षानुवर्षे पैसेवारीवर दुष्काळ ठरत आला. पीक पन्नास पैशांच्या आत आले की टंचाई. पण पैसेवारी कळते पीक हातचे गेल्यावर, अंतिम आकडा यायला डिसेंबर उजाडतो. तोवर गुरे बाजारात गेलेली असतात. २०१६ मध्ये केंद्राची नवी दुष्काळ नियमावली आली. पावसातला खंड, जमिनीतला ओलावा, उपग्रहावरून दिसणारी हिरवाई, असे निकष तिने घातले. त्यानुसार २०१८ मध्ये महाराष्ट्राने १५१ तालुक्यांत ३१ ऑक्टोबरलाच दुष्काळ जाहीर केला. निकषांवर वाद झाले, काही तालुके वगळल्याची तक्रार झाली. पण चिन्ह लवकर ओळखण्याचा १८८३ चा विचार नव्या साधनांनी पुन्हा आणला गेला, असे मला वाटते.

आता उन्हाबद्दल. पूर दिसतो, दुष्काळ दिसतो. ऊन मात्र माणसाला गुपचूप नेते. आमच्या शेजारच्या आळीतला एक गवंडी काही वर्षांपूर्वी मे महिन्यात स्लॅबच्या कामावर कोसळला. घरी आणला तेव्हा अंग भट्टीसारखे तापले होते. दाखल्यावर हृदयविकार असे लिहिले गेले. डॉक्टर खोटे लिहीत होते असे नाही, शेवटी हृदयच बंद पडले होते. पण उन्हाच्या बळींच्या यादीत तो माणूस कधीच आला नाही. ज्याची मोजदाद नाही त्याच्यासाठी आराखडा कोण करणार?

अहमदाबादने हा पेच सोडवला. २१ मे २०१० रोजी तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला. नंतर अभ्यासकांनी उष्माघाताच्या नोंदी मोजत न बसता, शहरात त्या महिन्यात एकूण किती माणसे गेली ते मोजले आणि आधीच्या वर्षांच्या मे महिन्याशी ताडून पाहिले. फरक निघाला १,३४४ जणांचा. एवढी माणसे गेली आणि शहराला कळलेही नव्हते. या अनुभवातून गांधीनगरच्या भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्थेसारख्या संस्थांच्या मदतीने महापालिकेने २०१३ मध्ये उष्मा कृती आराखडा केला. त्याची रचना पाहिली की मला दुष्काळ-संहिता आठवते. अमुक तापमानाला पिवळा इशारा, त्यावर नारिंगी आणि ४५ अंशांवर लाल. प्रत्येक रंगाला कोणी काय करायचे ते ठरलेले. रुग्णालयांनी बर्फ आणि सलाइन तयार ठेवायचे, बागा दुपारीही उघड्या ठेवायच्या, पाणपोया घालायच्या, मजुरांच्या कामाच्या वेळा बदलायच्या, लोकांना त्यांच्या भाषेत सावध करायचे. त्या शहरातल्या एका सार्वजनिक रुग्णालयात नवजात बाळांचा कक्ष सगळ्यात वरच्या मजल्यावर, तापलेल्या गच्चीखाली होता. तो खाली हलवला आणि उष्णतेने आजारी होणाऱ्या बाळांची संख्या घटली. काही कोटींची योजना लागली नाही, खाटा खाली आणाव्या लागल्या. आपल्या नागपूरनेही २०१६ मध्ये असा आराखडा हाती घेतला.

गावपातळीवरचे उदाहरण द्यायचे तर हिवरे बाजारचे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातले हे गाव पोपटराव पवार सरपंच झाल्यापासून पाण्याच्या कामासाठी ओळखले जाते. तिथली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट बंधारे नव्हेत, पाण्याचा ताळेबंद आहे. पाऊस मोजायचा, किती पाणी मुरले याचा अंदाज घ्यायचा, माणसांचे आणि जनावरांचे पाणी आधी बाजूला काढायचे आणि उरले त्यात कोणती पिके बसतात ते ग्रामसभेत ठरवायचे. पाऊस कमी झाला की पिके बदलायची. बोअरवेलच्या पाण्यावर शेती नाही, ऊस नाही, हे निर्बंध गावाने स्वतःवर घालून घेतले. हवामान दरवर्षी वेगळे वागणार असेल तर आराखडाही दरवर्षी नवा हवा, हे त्या गावाने व्याख्यान न देता करून दाखवले.

राज्यपातळीवरही हालचाल झाली. २००८ मध्ये देशाचा हवामानबदल कृती आराखडा आला आणि मग राज्यांना आपापले आराखडे करायला सांगण्यात आले. महाराष्ट्रासाठीचा जुळवून घेण्याचा अभ्यास 'टेरी' या संस्थेने केला, त्याचा अहवाल २०१४ चा. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला आणि मुख्यतः मराठवाडा-विदर्भातली पाच हजारांहून अधिक गावे त्यात घेतली गेली. पैशाच्या बाबतीतही थोडा बदल झाला. आपत्तीचा निधी पूर्वी आपत्ती येऊन गेल्यावरच खर्चायचा असे. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या या निधीतला २० टक्के भाग धोका आधीच कमी करण्यासाठी वेगळा काढायला सांगितले. आजारपणाला ठेवलेल्या पैशांतून थोडे आधीच कौले शाकारायला काढावेत, तसे हे आहे.

या साऱ्यातून मला चार गोष्टी दिसतात. पहिली, धोक्याचे चिन्ह आधी ठरलेले हवे आणि ते बदलत्या हवामानाप्रमाणे तपासत राहायला हवे. दुसरी, चिन्ह दिसताच कोणी काय करायचे ते पदानुसार लिहिलेले हवे आणि तो दूरध्वनी खरोखर लागला पाहिजे. तिसरी, पैसा आधी बाजूला काढलेला हवा, पागेसाहेबांच्या वेळी व्यवसाय कराने केला तसा. चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची, ज्यांच्यासाठी तो कागद आहे त्यांना तो त्यांच्या भाषेत ठाऊक हवा. टिळकांनी जे काम केले ते आज ग्रामपंचायतीने, नगरपालिकेने आणि आपण सुशिक्षित म्हणवणाऱ्यांनी करायचे आहे.

माझी आई आता ऐंशीच्या पुढे आहे. घराच्या मागच्या खोलीवर अजून पत्रा आहे आणि हट्टाने तिथेच झोपते. गेल्या उन्हाळ्यात मी तिला या आराखड्यांबद्दल सांगत होतो. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ''त्या कागदात आपलं नाव हाय का रं, लेका?'' मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी मी ग्रामपंचायतीत गेलो. गावात सत्तरीच्या वरची, एकटी राहणारी, पत्र्याखाली झोपणारी माणसे किती, याची यादी आहे का, म्हणून चौकशी केली. नव्हती. सरपंच तरुण आहे, त्याने नाक मुरडले नाही. आशाताई, दोन शिक्षक आणि मी, असे आम्ही चौघे आठ दिवस घरोघर फिरलो. ४३ नावे निघाली. प्रत्येक नावापुढे, लाल इशारा आला तर दुपारी कोण जाऊन बघणार, ते लिहिले. शाळेची एक खोली दुपारी उघडी ठेवायची, पंखा आणि पाण्याचा माठ ठेवायचा, एवढे ठरले. ग्रामसभेत यादी मोठ्याने वाचून दाखवली.

श्रोतेहो, तुमच्या गावाचा, तुमच्या वॉर्डाचाही असा एखादा आराखडा कुठल्यातरी कपाटात असेल. एकदा जाऊन तो मागा. त्यातला एखादा दूरध्वनी क्रमांक फिरवून बघा. आमच्या ग्रामसभेत एकेक नाव वाचले जात होते तेव्हा आई पहिल्या रांगेत बसली होती. तिचे नाव एकोणिसावे आले. तिने मस्टरवर द्यायची तशीच हाक दिली, ''हजर!''